टोचलेल्या सुईचा हिशेब

रुग्णालयातील रात्रपाळी संपत आलेली असते. रात्रभरात दिलेली इंजेक्शने, चढवलेले सलाइन, तपासणीसाठी काढलेले रक्त या साऱ्यांचा उरलासुरला पसारा ट्रेमधून पिशव्यांत गेलेला असतो. मोठ्या डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीपूर्वी वॉर्ड स्वच्छ दिसला पाहिजे, म्हणून ज्यांना सारे रुग्णालय 'मावशी' या नावाने ओळखते त्या बाई लगबगीने पिशवी उचलतात आणि पिशवीतून डोकावणारी सुई त्यांच्या अंगठ्यात शिरते. रक्ताचा थेंब येतो. मावशी तो पदराला पुसतात, 'काही नाही, जरासं लागलं' असे म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. हा प्रकार आपल्याकडील रुग्णालयांत इतका नित्याचा आहे की त्याला अपघात म्हणणेही कोणाला अतिशयोक्तीचे वाटावे. सुई कोणत्या रुग्णाची होती हे कोणी विचारीत नाही. नोंदवहीत ओळ पडत नाही. आणि ओळ पडली नाही म्हणजे, कारभाराच्या दृष्टीने, काही घडलेलेच नसते.

अशा 'न घडलेल्या' अपघातांची संख्या लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालच्या आपल्या अहवालात मांडलेला अंदाज असा की, जगातील सुमारे साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी तीस लाखांना दरवर्षी सुई वा अन्य धारदार वस्तू लागून रोगजंतूयुक्त रक्ताचा संसर्ग होण्याचा धोका पत्करावा लागतो. त्यांपैकी वीस लाखांच्या बाबतीत हे रक्त कावीळ 'ब'च्या विषाणूचे असते, नऊ लाखांच्या बाबतीत कावीळ 'क'चे आणि एक लाख सत्तर हजारांच्या बाबतीत एचआयव्हीचे. हा अंदाज आता जुना झाला. पण त्यानंतर रुग्णालये वाढली आहेत, इंजेक्शने वाढली आहेत आणि ती देणारे व त्यांच्यामागून आवराआवर करणारे हातही वाढले आहेत.

भीती एकाची, धोका दुसऱ्याचा

सुई टोचून एचआयव्हीची बाधा झाल्याची पहिली नोंद १९८४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती ब्रिटनमधील एका परिचारिकेची होती. पुढे १९८६ साली मद्रासमध्ये भारतातील पहिल्या बाधितांचा शोध लागला, आणि तेव्हापासून आपल्या रुग्णालयांत सुईची भीती म्हणजे एड्सची भीती असे समीकरण रूढ झाले. वस्तुस्थिती या समीकरणाला फारशी अनुकूल नाही. एचआयव्हीबाधित रुग्णाला वापरलेली सुई टोचल्यास बाधा होण्याचे प्रमाण साधारणतः हजारात तीन आहे. कावीळ 'क'च्या बाबतीत ते हजारात अठराच्या आसपास मानले जात असे. अलीकडचे अभ्यास ते त्याहून बरेच कमी असल्याचे सांगतात. कावीळ 'ब'च्या बाबतीत मात्र, लस न घेतलेल्या व्यक्तीस, हे प्रमाण हजारात साठपासून तीनशेपर्यंत जाऊ शकते. हा विषाणू चिवटही आहे. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो निदान सात दिवस तग धरतो. त्यातच आपल्या देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे पंचवीस लाख, तर कावीळ 'ब'च्या दीर्घकालीन बाधितांची संख्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालासाठीच्या अंदाजाप्रमाणे, तीन कोटींच्या घरात आहे. म्हणजे टोचलेली सुई कावीळ 'ब'च्या रुग्णाची असण्याचा संभव बारापट, आणि तशी ती असली तर बाधेचा संभव वीस ते शंभरपट. लोक ज्याला भितात त्यापेक्षा ज्याला भीत नाहीत तोच शत्रू अधिक समर्थ आहे.

या प्रकरणातील खरी विसंगती याहून पुढची आहे. या तिघांपैकी प्रभावी लस आहे ती नेमकी सर्वांत धोकादायक अशा कावीळ 'ब'वरच, आणि तीही आजची नव्हे. या विषाणूचा छडा लावणाऱ्या बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली अमेरिकेत लशीला परवाना मिळाला. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी बनावटीची लस आयात लशीहून कितीतरी स्वस्त दरात बाजारात आणली. अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांना कावीळ 'ब' होण्याचे प्रमाण १९८३ ते १९९५ या बारा वर्षांत सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी घटले. आपल्याकडे बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात या लशीचा देशभर समावेश झाला तो २०११ साली. तेव्हा जन्मलेली मुले आज शाळेत आहेत. वॉर्डात आज जी माणसे सुया उचलीत आहेत त्यांतील बहुतेकांचे बालपण या लशीशिवायच गेले. त्यांना ती मिळायची असेल तर नोकरीच्या ठिकाणीच मिळाली पाहिजे.

एचआयव्हीवर लस नाही, पण वेळेत घेतलेल्या औषधांनी बाधा टळू शकते. सुई लागल्यानंतर झिडोव्हुडीन हे औषध घेतलेल्या कर्मचाऱ्यांत बाधेचा संभव सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. आज त्याहून प्रभावी अशा तीन औषधांचा २८ दिवसांचा क्रम भारतात रूढ आहे आणि सरकारी यंत्रणेत तो विनामूल्य मिळतो. अट एकच, आणि ती घड्याळाची. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावी. ७२ तास उलटल्यानंतर तिचा उपयोग नाही. कावीळ 'ब'ची लस न घेतलेल्यास द्यावयाचे इम्युनोग्लोब्युलिनही शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे लागते. कावीळ 'क'साठी लस नाही व असा प्रतिबंधक औषधोपचारही नाही; पण गेल्या दशकात आलेल्या गोळ्यांनी बारा आठवड्यांत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात, फक्त बाधा झाल्याचे कळले पाहिजे.

प्रथमोपचार तर कोणत्याही शाळेतील मुलाला शिकविता येईल इतका सोपा आहे. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात धरू नये, तिच्यावर ब्लीचिंगसारखे जळजळीत द्रव्य ओतू नये. डोळ्यांत रक्त उडाल्यास स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. त्यानंतर जे करावयाचे ते इतकेच की, सांगावे. ताबडतोब सांगावे. गाडी अडते ती येथे.

मौनाचे अर्थशास्त्र

सुई लागलेला कर्मचारी गप्प का बसतो? अज्ञान, निष्काळजीपणा, 'आपल्या लोकांना शिस्त नाही' अशी उत्तरे अधिकाऱ्यांच्या तोंडी तयार असतात. ती सर्वस्वी खोटी नाहीत. पण त्यांत एक सोयीस्करपणा आहे. मौन बाळगणारा माणूस बहुधा हिशेबी असतो. रोजंदारीवरील सफाई कामगाराने सुई लागल्याचे सांगितले तर त्याला अपघात विभागात जाऊन बसावे लागते, रक्त द्यावे लागते, पुढील काही महिन्यांत ठरावीक अंतराने पुन्हा यावे लागते. त्या वेळेचा रोज बुडतो. 'नीट बघून काम करता येत नाही का?' हा प्रश्न ऐकावा लागतो. तपासणीत काही निघालेच तर नोकरीचे काय, वस्तीत काय बोलतील, ही धास्ती वेगळीच. उलट न सांगितल्यास आज काहीही गमवावे लागत नाही. जे गमवायचे ते संभाव्य आहे आणि कित्येक वर्षांनंतरचे आहे. कावीळ 'ब' यकृत पोखरावयास दहा-वीस वर्षे घेते. महिन्याच्या पंचवीस तारखेला हातात पैसा नसलेल्या माणसाने आजचा रोज आणि वीस वर्षांनंतरचे यकृत यांत काय निवडावे, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

शिकाऊ डॉक्टरांची अडचण निराळी. शस्त्रक्रिया चालू असताना बोटात सुई गेली म्हणून टेबलापासून दूर होणे हे शल्यविशारदाच्या संस्कृतीत भेकडपणाचे लक्षण समजले जाते. हातमोजा बदलायचा व काम पुढे चालवायचे. ज्या व्यवसायाने दुसऱ्याच्या जखमेची इतकी काटेकोर चिकित्सा केली, त्याने स्वतःच्या जखमेविषयी असे खेडवळ शौर्य का बाळगावे, हे कोडेच आहे. १८४७ साली व्हिएन्नात याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातची सुरी लागून मरण पावले. त्यांच्या शवाची चिकित्सा वाचूनच सेमेलवाइस यांना बाळंतरोगाचे कारण उमगले आणि हात धुण्याचा नियम आला. वैद्यकातील स्वच्छतेच्या एका मोठ्या नियमाची सुरुवात नोंदल्या गेलेल्या एका टोचणीतून झाली आहे.

आता व्यवस्थापनाची बाजू. न नोंदलेली सुई त्याच्या दृष्टीने फुकट असते. नोंदलेल्या सुईसाठी तपासणी, औषध, प्रसंगी काही हजार रुपयांचे इम्युनोग्लोब्युलिन, रजा आणि पुढे कदाचित नुकसानभरपाई, असा खर्चाचा ओघ सुरू होतो. धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही, तो आसपासच्या लोकांच्या फुप्फुसांत जमा होतो. सुईचेही तसेच आहे. फरक इतकाच की येथे खर्च सोसणारा माणूस कुंपणाबाहेरचा नसून त्याच आवारात झाडू मारीत असतो. अर्थात, कुंपणाबाहेरचेही सुटत नाहीत. २००९ साली गुजरातेतील मोडासा परिसरात कावीळ 'ब'ची जी प्राणघातक साथ आली, तिचा संबंध पुन्हा वापरल्या गेलेल्या सुया-सिरिंजांशी होता.

सफाईचे व कचरा वाहण्याचे काम कंत्राटाने देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून हा खर्च आणखी एक पायरी खाली ढकलला गेला आहे. रुग्णालय म्हणते, माणसे कंत्राटदाराची. कंत्राटदार म्हणतो, सुई रुग्णालयाची. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि मावशींचा अंगठा दोघांच्याही कागदांत नसतो.

ट्रक उलटला तर

कायदा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी रुग्णालयचालकावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे कंत्राटी माणसालाही, कावीळ 'ब' व धनुर्वात यांच्या लशी द्याव्यात, प्रशिक्षण व संरक्षक साधने पुरवावीत, नोकरीच्या आरंभी व नंतर दरवर्षी आरोग्यतपासणी करावी, सुया पांढऱ्या, आरपार भोसकल्या जाणार नाहीत अशा डब्यातच टाकाव्यात. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला; त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने सर्वांना संरक्षक साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि सुई लागल्यास प्रतिबंधक औषधोपचार पुरविला पाहिजे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद आहे.

पण याच नियमांतील एक बारीकशी गोष्ट पाहण्यासारखी आहे. जैववैद्यकीय कचरा नेणारा ट्रक उलटला तर तो 'मोठा अपघात' ठरतो आणि त्याचा अहवाल २४ तासांत प्रदूषण नियंत्रण मंडळासारख्या अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. सुई टोचणे या व्याख्येतून शब्दशः वगळले आहे. त्याची माहिती वार्षिक अहवालात द्यावयाची, जो ३० जूनपर्यंत पाठवावयाचा असतो. नियमकर्त्यांच्या बाजूने बोलायचे तर, प्रत्येक टोचणीचा अहवाल २४ तासांत मंडळाकडे धाडणे व्यवहार्य नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या घटनेत दोन तास मोलाचे, तिची कागदोपत्री मुदत कधी कधी वर्षाहूनही लांब जावी आणि मधल्या काळात कोणी काही विचारू नये, हा योग विचार करण्याजोगा आहे. अहवालात 'अपघातांची संख्या' असा एक रकाना असतो. शेकडो खाटांच्या रुग्णालयाने तेथे शून्य लिहिले तर त्याचे अभिनंदन करण्यापूर्वी चौकशी करावी. सुई लागणे हे जेथे वर्षभरात एकदाही घडले नाही असे मोठे रुग्णालय कल्पनेतच सापडेल.

नोंद न होण्याची सर्वांत जबर किंमत भरपाईच्या वेळी कळते. कर्मचारी नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने आपल्या तिसऱ्या परिशिष्टात, रुग्णसेवा वा प्रयोगशाळेतील कामात जडलेल्या संसर्गजन्य रोगाला व्यवसायजन्य रोग मानले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही यादी पुढे चालविली. इतकेच नव्हे, तर असा रोग कामामुळेच जडला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा, असे जुन्या कायद्याचे उदार सूत्र होते. कागदावर याहून कामगाराच्या बाजूचे काय असू शकते? पण मालकाचा वकील एकच प्रश्न विचारतो: सुई लागली त्या दिवशी हिचे रक्त निर्दोष होते याचा पुरावा काय? तो पुरावा म्हणजे अपघातानंतर लगेच झालेली रक्ततपासणी. ती झालेली नसते, कारण मावशींनी थेंब पदराला पुसलेला असतो. पहिल्या दिवशीच्या मौनाने दहा वर्षांनंतरचा हक्क असा निकालात निघतो.

एका डब्याची गोष्ट

१९९८ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन शहरात कॅरेन डेली या अनुभवी परिचारिकेने रुग्णाचे रक्त घेतले आणि वापरलेली सुई भिंतीवरील डब्यात टाकली. तेथील रीतीप्रमाणे त्यांनी काहीही चुकीचे केले नव्हते. डब्यातून वर आलेली दुसरीच एक सुई त्यांच्या बोटात शिरली. काही महिन्यांनी त्यांना एचआयव्ही आणि कावीळ 'क' अशा दोहोंची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. अंगावर येणाऱ्या लोकापवादाची पर्वा न करता त्या जाहीरपणे बोलू लागल्या. तेथे रक्तजन्य रोगजंतूंविषयीचा नियम १९९१ पासून होता; तरीही सुया तशाच होत्या आणि डबेही तसेच होते. ६ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सुई-सुरक्षेच्या नव्या कायद्यावर सही केली तेव्हा डेली तेथे उपस्थित होत्या. पुढे त्या अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या.

त्या कायद्याने वापरानंतर टोक झाकले जाणारी साधने आणावयास लावली, हे सर्वांना दिसते. त्यातील दोन कलमांकडे मात्र आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही. एक, साधने निवडताना ती प्रत्यक्ष हाताळणाऱ्या, अधिकारपदावर नसलेल्या कर्मचाऱ्यांचे मत मालकाने घेतलेच पाहिजे. दुसरे, प्रत्येक टोचणीची नोंद ठेवावी. तीत कर्मचाऱ्याची ओळख गुप्त राहावी, पण कोणत्या जातीचे व कोणत्या कंपनीचे साधन होते, कोणत्या विभागात व कसे लागले, हे लिहावे. म्हणजे नोंदवहीने माणसाला जाब विचारावयाचा नाही, तर सुईला, डब्याला आणि कामाच्या पद्धतीला विचारावयाचा. कायद्यानंतरच्या वर्षी, २००१ साली, तेथील रुग्णालयांतून अशा जखमांचे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे पुढे एका अभ्यासात आढळून आले.

ती श्रीमंतांची गोष्ट, आपल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमला हे कसे परवडणार, असा आक्षेप येईल व तो रास्त आहे. टोक झाकणारी सुई साध्या सुईपेक्षा महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सर्व देशांना २०२० पर्यंत सुरक्षित सिरिंजांकडे वळण्याचे आवाहन केले होते. तरीही साधी सुई आपल्याकडून हटलेली नाही. ती एकाएकी हटवावी असे म्हणणे म्हणजे खर्च अखेर रुग्णाच्या बिलात टाकणे होय. पण बहुतेक उपायांना इतका पैसा लागतच नाही. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण घालू नये, याला पैसा पडत नाही. डबा खाटेपासून हाताच्या अंतरावर असावा आणि तीन-चतुर्थांश भरताच बंद करावा, याला नवा डबा लागतो, पण तेवढाच. खरे पाहता सर्वांत स्वस्त इंजेक्शन ते, जे दिलेच गेले नाही. या शतकाच्या आरंभी झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात वर्षाला सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जात होती आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश असुरक्षित होती. साध्या तापाला 'सुई दिल्याशिवाय बरे वाटत नाही' म्हणणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाचाही या आकड्यात वाटा आहे.

काही रुग्णालये खर्च वाचविण्याचा आणखी एक मार्ग शोधतात. भरती होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी करायची आणि बाधिताच्या खाटेवर खूण लावायची. हा मार्ग अन्यायाचा तर आहेच, २०१७ च्या कायद्याने संमतीवाचून अशी चाचणी करावयास मनाई केली आहे. पण तो फसवाही आहे. बाधेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चाचणी निर्दोष येऊ शकते, आणि कावीळ 'ब'च्या खाटेवर तर खूणही नसते. सर्वांचेच रक्त बाधित समजून वागावे, हे तत्त्व १९८० च्या दशकातच मान्य झाले ते याच कारणाने.

राहता राहिला लशीचा प्रश्न, आणि तो दिसतो तितका सरळ नाही. लस नोकराच्या शरीरात राहते. नोकर गेला की ती त्याच्याबरोबर जाते. ज्या गुंतवणुकीचा लाभ उद्या दुसऱ्याच मालकाला मिळणार, तिच्यावर पहिला मालक हात राखूनच खर्च करतो. म्हणून हे काम एकेका मालकाच्या मर्जीवर न सोडता नोंदणीच्या अटीत बसविले पाहिजे. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. नूतनीकरणाच्या अर्जासोबत रुग्णालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्या सर्वांच्या, कंत्राटी धरून, लसीकरणाची यादी मागता येईल. महापालिका व जिल्हा रुग्णालये सफाईच्या निविदा काढतात, तेव्हा लसीकरण आणि सुई लागल्याच्या दिवसाचा भरपगारी रोज या दोन अटी निविदेतच घालता येतील. दर त्यामुळे किंचित वाढेल, पण तो खर्च निदान कोठेतरी लिहिला जाईल. आणि लसीकरणाचे कार्ड कंत्राटदाराच्या कपाटात न राहता कामगाराच्या हाती असावे. कावीळ 'ब'च्या लशीच्या तीन मात्रा असतात: पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. चौथ्या महिन्यात कंत्राट संपले वा बदलले की मावशी दुसऱ्या रुग्णालयात जातात. तेथे त्यांना पुन्हा पहिली मात्रा द्यावयाची की उरलेली तिसरी, हे सांगणारा कागद त्यांच्याजवळ नसतो, आणि पिशव्या मात्र पहिल्याच दिवसापासून उचलाव्या लागतात.